गुरुवारच्या वहीतलं सातवं नाव

मंठा,
मार्च १९९८

प्रिय मुबारक,

रखमाजीचा तुला नमस्कार आणि सलाम (दोन वर्षांत दोन्ही राहून गेलेत). सेलूची हवा मानवते का? सलमाभाभींचा गुडघा कसा आहे? इकडं दुर्गाबाई खुशाल. मी खुशाल आहे की न्हाई हे मला नीट कळून न्हाई राह्यलं, म्हणून तर पत्र लिहून राह्यलो. मंठ्याहून आलेल्या कुणी तुला सांगितलं असंल की रखमाजी वेड्यांच्या शिबिरात जातो, तर ते निम्मं खरं आहे. निम्मं कोणतं, ते मलाही सांगता येत न्हाई.

झालं असं. इथं बाजाराच्या मागच्या सभागृहात दर गुरुवारी जालन्याहून एक संस्था येते, आणि ज्यांचं मन ठिकाणावर न्हाई त्यांना गाण्या-वाजवण्यानं बरं करते. गोळ्या देणारे डॉक्टरही असतात, पण ते कोपऱ्यात. मधे बसतात उषाबाई, ह्या संगीतवाल्या. महिन्याखाली दुर्गाबाई म्हणाली, "तिथं वाजवणारा माणूस पाहिजे म्हणं. तुम्ही जाऊन तर पाहा." मुबारक, दोन वर्षांनी कुणीतरी मला वाजवायला बोलावलं! बॅन्डचा लाल कोट काढला, सोनेरी झालरीला इस्त्री केली (एक झालर जळाली, ती बाजू भिंतीकडं ठेवून चाललो) आणि गेलो.

उषाबाईंनी खुर्ची दिली आणि विचारलं, "झोप लागते का?" मला वाटलं, कामाची मुलाखत. वाजवणाऱ्याला झोपाळू असून कसं चालंल? म्हणालो, "बिलकुल न्हाई. टक्क जागा असतो." त्यांनी लिहून घेतलं. "भूक?" हा माणूस लई खातो असं वाटू नये म्हणून म्हणालो, "चहावर दिवस काढतो." तेही लिहिलं. मंग म्हणाल्या, "एकटं वाटतं का?" एकट्याला वाजवणं जमंल का, असं विचारून राह्यल्या असं समजून मी छाती फुगवून सांगितलं, "दोन वर्षांपासून एकटाच आहे, बाई." त्यांनी पेन खाली ठेवला आणि माझ्याकडं अशा मायेनं पाहिलं की म्हटलं, काम पक्कं. घरी येताना मातर ध्यानात आलं, की तीनही उत्तरं खोटी द्यायला गेल्तो आणि तीनही खरी निघाली.

पुढच्या गुरुवारी आम्हाला गोल करून बसवलं आणि एकेकाच्या हातात एकेक वाद्य दिलं. रिटायर तलाठी काकासाहेबांना डफ (ते डफालासुद्धा आधी गट नंबर विचारतात), तळणीच्या गिरिजाबाईंना टाळ, आणि मला खुळखुळा! वीस वर्षं क्लारोनेट वाजवलेल्या माणसाला खुळखुळा! म्हणालो, "मॅडम, मी बॅन्डमास्तर आहे." त्या म्हणाल्या, "छान! तुम्हाला वाटेल तसं वाजवा." मला वाटलं, मास्तरकी माझ्याकडं दिली. मी एकेकाचा ठेका दुरुस्त करायला लागलो. लेक गेल्यापासून आठ महिने गिरिजाबाईंनी तोंडातून शब्द काढला न्हवता, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. मी सरळ ओरडलो, "ओ बाई, ठेका सोडू नका!" त्यांनी टाळ थांबवले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेका तूच सोडलास, मेल्या."

त्यांची सून दारात उभी होती, ती रडायलाच लागली. उषाबाईंचे डोळे भरले. काकासाहेबांनी मला हात जोडले. आणि मी आपला खुळखुळा धरून बसलेला. माझा अपमान झाला की माझ्या हातून उपकार झाला, हेच कळंना. त्यात बाई खरं बोलल्या होत्या. ठेका मीच सोडला होता.

त्याच भरात उषाबाईंना म्हणालो, माझं नाव आता वहीत वाजवणाऱ्यांमध्ये लिहा. वही उघडली तर नाव आधीच होतं. पेशंट, क्रमांक सात. पुढं दुर्गाबाईनं सांगितलेलं लिहिलं होतं : 'दोन वर्षांपासून वाजवत नाहीत. जेवताना ताटाच्या काठावर बोटं चालवतात. विचारलं तर नाही म्हणतात.' घरी जाऊन मी लई तमाशा केला. दुर्गाबाई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "दवाखान्यात चला म्हणले असते, तर आले असते का?" मी म्हणालो, "न्हाई." "मंग?" जेवायला बसलो. ताटाकडं पाहिलं तर बोटं चालूच होती.

परवाच्या गुरुवारी क्लारोनेट घेऊन गेलो. पेशंट म्हणून की मास्तर म्हणून, ते दारापर्यंत ठरलं न्हाई. तोंडाशी लावायची पत्ती सुकली होती; पहिली फुंक मारली तर भुकेल्या करडासारखा आवाज निघाला आणि सगळे हसले, गिरिजाबाई तर तोंडाला पदर लावून. मंग आपली ती वरातीची चाल धरली. माझा अर्धा भाग बराबर गेला. पुढचा अर्धा तुझ्या ट्रम्पेटचा. तिथं मी थांबलो. गिरिजाबाई म्हणाल्या, "पुढं?" मी म्हणालो, "पुढचं मुबारकचं आहे." "मंग बोलाव की त्याला." (जसा काही तू बाहेर चपला काढून राह्यला.)

मुबारक, टेंभुर्णीच्या वरातीत साऱ्या वऱ्हाडासमोर मी तुला बेसूर म्हणालो, आणि तू ट्रम्पेट काखेत मारून थेट सेलूची गाडी धरली. मी दोन वर्षं हेच धरून बसलो की बेसूर तूच होतास. आता मला शंका येऊन राह्यली. पक्कं सांगता येत न्हाई, पण मीच असंन. बहुतेक मीच.

उत्तर न्हाई लिहिलंस तरी चालंल. फक्त उत्तर लिहिणार न्हाईस एवढं कळव.

तुझा
रखमाजी

ता. क. : येत्या गुरुवारी ये. सकाळच्या एसटीनं निघालास तर बराबर पोचशील. ट्रम्पेट आण. इथं एक वाजवणारा माणूस पाहिजे.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. खरा न्हाई. सलमाभाभींनी दुर्गाबाईला पत्र घातलंय, की तूही ट्रम्पेट ट्रंकेत कोंबलंस आणि दिवसदिवस कुणाशी बोलत न्हाईस. तवापासून ह्या दोघींचं काय चाललंय ते मला समजत न्हाई, पण वहीत अकरावं नाव तुझं लागलेलं आहे. तुला हे सांगायचं न्हाई असं मला बजावलंय, म्हणून सांगून राह्यलो. उषाबाई काय विचारतील त्याचं खरं उत्तर दे. घाबरू नको, मी शेजारीच बसलेला असंन.