लेक नावाची फाइल

२ जून
आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीची एक काच खडखडते, पण पुठ्ठ्याची घडी खुपसली की गप्प बसते. स्टुडिओ समोरच्याच इमारतीत. आईला फोनवर पुन्हा समजावलं, की मी कार्टून काढत नाही. दुसऱ्याने कॉम्प्युटरवर घडवलेल्या बाहुलीत मी हाडं आणि सांधे बसवते, मग तिसरा तिला नाचवतो. आई म्हणाली, म्हणजे हाडवैद्यच की! खरंच की.

ही विद्या मी एका सामायिक ब्लॉगवर शिकले. आमच्या धंद्यातली कुठकुठली माणसं तिथे आपल्याजवळचं सगळं फुकट ओतत असतात. कोपर का चेपतं, गुडघा उलटा का वळतो, काहीही विचारा, कुणीतरी चित्रं काढून समजावतं. माझे गुरू तिथलेच, टोपणनाव सांधेवाला. चार वर्षांत एकदाही ‘स्वतः शोध’ म्हणाले नाहीत. हट्ट एकच : हालचाल पुस्तकातून घेऊ नकोस, आरशासमोर बस आणि स्वतःच्या अंगावरून घे. गेले आठ महिने त्यांचं लिहिणं बंद आहे, पण त्यांची नोकरी याच स्टुडिओत. उद्या समोर जाऊन उभी राहणार आणि म्हणणार, ओळखा पाहू!

३ जून
ते गेले. फेब्रुवारीतच.

आमच्या प्रमुखांना सगळे थोरल्या म्हणतात. त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, त्यांचीच ही. अंग हळूहळू आखडत गेलं म्हणे. आधी पाय, मग पाठ, मग मान. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. एक दिवस श्वासच घेता येईना.

मी नुसतं ‘अच्छा’ म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणी विचारलं असतं तुझे कोण लागत होते, तर काय सांगणार होते? आवाजही ऐकला नव्हता मी त्यांचा.

९ जून
त्यांच्या अर्धवट पोस्ट नीट करून ब्लॉगवर टाकायचं काम मी मागून घेतलं. त्यात एक फाइल सापडली, नाव ‘लेक’. सात वर्षांची मुलगी, दोन वेण्या, एक मोजा घसरलेला. पाय, पाठ, मान, श्वास इतके सुरेख बसवलेत, की मी तिला पुन्हापुन्हा फिरवून बघितलं. खांदे, पापण्या, हसू आणि बोटं तेवढी राहिलीत.

थोरल्या म्हणाल्या, त्यांची मुलगी होती ती. तीन वर्षांपूर्वी तापाने गेली.

११ जून
त्यांच्या बायको येऊन गेल्या. मी काकू म्हणते. शिवणकाम करतात, बोटाला सुई टोचल्याच्या खुणा. फाइल दाखवली तर पदराने आधी स्क्रीनवरची धूळ पुसली. मग इतकंच म्हणाल्या, “हसते का गं ही? एकदा बघायचंय मला.”

मी हो म्हणून बसले. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

१८ जून
काकू गेल्या त्याच दिवशी फाइल ब्लॉगवर टाकली होती, सगळी हकिगत लिहून. काय माणसं आहेत! खांदेकरी नावाच्या एकाने (सगळं आयुष्य खांदेच बसवले, म्हणून हे नाव, विनोद त्याचाच) दोन दिवसांत खांदे करून पाठवले. चिमणी नावाच्या मुलीने पापण्या केल्या. दोघांनी खाली लिहिलं, सांधेवाल्यांचं ऋण आहे. हसू मी केलं. आठ दिवस आरसा पुढ्यात ठेवून स्वतःकडे बघून हसत होते. ऑफिसात सगळे म्हणाले, ही कामातून गेली.

काकूंना बोलावलं. मुलगी हसली. काकू पुढे वाकून म्हणाल्या, वरचा ओठ असाच दुमडायचा तिचा. पण मी तसा केलेला नव्हता. मी माझा केला होता.

२१ जून
आईचा व्हिडिओ कॉल. सारखी विचारत होती, रागावलीस का, तिथे कुणी काही बोललं का. मी म्हटलं, अगं हसतेय मी. आई म्हणाली, कुठे हसतेयस? फोन ठेवून आरशात पाहिलं. गाल हलतच नाहीत. बोटांनी ओठ वर उचलले तर सोडल्यावर पुन्हा खाली.

२४ जून
डॉक्टर म्हणतात, नस दबली असेल. गोळ्या दिल्यात.

काकू रोज सकाळी डबा घेऊन येतात, तासभर स्क्रीनसमोर बसतात. आज मी फाइल उघडली नव्हती. तरी स्क्रीनवर मुलगी उभी होती. मी एकही हालचाल दिलेली नाही, पण काकू आल्या तशी मान वळवून तिने त्यांच्याकडे पाहिलं. पापणी लवली. काकूंना वाटलं, ही माझीच करामत. थोरल्यांनाही तसंच वाटलं, शाबासकी दिली.

२६ जून
चिमणीचा निरोप. तिला डोळे मिटता येत नाहीत. ओल्या कापडाने झाकून पडून राहते. मी घाईघाईने खांदेकऱ्याला विचारलं. उत्तर त्याच्या बहिणीने लिहिलं : त्याचे हात वर जात नाहीत, केस मीच विंचरते, तुम्हाला कसं कळलं?

पाय, पाठ, मान, श्वास. सांधेवाल्यांनी स्वतःच्या अंगावरून घेतलं होतं सगळं.

२७ जून
ब्लॉगवरून फाइल काढली. लिहिलं, हिला जे द्याल ते तुमच्या अंगातून जातं, कुणीही हात लावू नका. खाली लोक लिहितायत, ताई, धीर सोडू नका, आम्ही आहोत. किती चांगली आहेत सगळी. कुणाचाच विश्वास बसत नाही—

फाइल पुसली. दुपारी पुन्हा तिथेच. हसत होती. माझं हसू.

२८ जून
काकूंना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. बराच वेळ हातातल्या डब्याचं झाकण फिरवत राहिल्या. म्हणाल्या, शेवटी यांना चमचा धरून मी भरवायचे, आणि हे स्क्रीनकडे बघून खुशीत असायचे. “मला वाटायचं, माझ्यासाठी दुखणं लपवतायत. त्यांना ठाऊक होतं गं.”

मग विचारलं, आता काय राहिलंय तिचं.

मी बोलून गेले, बोटं. बोलायला नको होतं.

२९ जून
काकूंना बोटं बसवायला शिकायचंय. मी नाही म्हटलं. आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

३० जून
सकाळी पोचले तर काकू माझ्या खुर्चीत. डावा तळवा दिव्याखाली धरलेला, उजव्या हाताने माउस. समोर माझीच जुनी पोस्ट — बोटं कशी बसवावीत, अगदी नवख्यांसाठी. खाली शाबासक्या : इतकं सोपं कुणीच सांगितलं नव्हतं.

करंगळीपासून सुरुवात केली होती. त्यांची करंगळी ताठ. मी खुर्ची ओढली. त्या रडत म्हणाल्या, मला तिचा हात धरायचाय, मी आई आहे तिची. आणि ह्या हातांवरच पोट आहे त्यांचं, दुसरं आहे कोण त्यांना—

मी बसले. फक्त एक हात, म्हटलं. माझा उजवा. मग पुरे.

१ जुलै
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर लागणार नाही.
उजवा संपला.
काकूंनी स्क्रीनला तळवा लावलाय. आतून तिनेही. काकू तिला काहीतरी सांगतायत, हळू, वेणी घालताना बोलतात तसं. थांबा म्हणवत नाही.

आमच्या कामात एक हात केला की दुसरा वेगळा करावा लागत नाही. उलटा करून उमटवतात, एक बटण. मी ते दाबलं नाही. मी नाही दाबलेलं—

ती दुसरा हात वर करतेय

अंगठा ग