मल्हारगंजच्या घराची पुढची भिंत

मी, हृषीकेश श्रीकृष्ण मोहिते, वय २६, धंदा दगड-चुन्याचं काम, राहणार मल्हारगंज, इंदूर, सध्या कामाला इंग्लंडात, हा कागद स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे असं शेजारचे दत्तोपंत म्हणतात, ते मिलमध्ये कारकून होते. मला तेवढी खात्री नाही. कोणी जबरदस्ती केलेली नाही. शुक्रवारी परत जायचं आहे आणि या खेपेला काम चर्चच्या मनोऱ्यावर आहे, म्हणून लिहितो. शाळा आठवीपर्यंतच झाली, चुकलं तर सांभाळून घ्यावे.

१. बँकेत जे असेल ते सगळं आई प्रमोदिनी हिला. इथपर्यंत कन्फ्यूजन नाही.

२. ओळंबा आणि दोन्ही थाप्या गजानन मिस्त्रींना. चुना मला त्यांनी शिकवला. ते साक्षीला आले होते, पण दत्तोपंत म्हणाले, "ज्याला काही मिळतं त्याची सही चालत नाही." मिस्त्री म्हणाले, "मग मला काही नको, सही करू द्या!" चहा पाजला, तरी रुसूनच गेले.

३. एक कबुली. माझं कामाचं गाव हॅल्बरफर्ड. छोटंसं आहे. कोण्या जुन्या राजाने दर गुरुवारी बाजार भरवायची सनद दिली होती, तो बाजार अजून भरतो. मधोमध चारशे वर्षांचं बाजारघर आहे: आठ दगडी खांब, खाली मोकळं, वर एक लाकडी खोली. खांबांच्या सांध्यांत चुना भरताना मी सवयीने त्यात गूळ आणि बेलफळाच्या पावडरीचं पाणी घातलं, चुना घट्ट धरावा म्हणून मिस्त्री घालतात तसं. सामान इथूनच नेलं होतं. गुरुवारी बाजार भरला आणि गांधीलमाश्या खांबांना येऊन चिकटल्या. जुन्या इमारतींच्या ऑफिसातल्या हिलरी मॅडम आल्या. बोटाने चाखून म्हणाल्या, "हे गोड का लागतंय?" सगळे सांधे खरवडायला लावले. मी सात खांबांचे काढले. आठव्याच्या पायाशी एक राहू दिला. तो एकदम पक्का आहे. चूक असेल तर माझी एकट्याची, बाकी कामगारांना बोलू नये. मॅडमना सांगावं की नाही, अजून समजत नाही.

४. घर. अर्धं माझं, अर्धं थोरला भाऊ पुष्कर याचं. त्याला सगळं पाडून तीन मजले आणि पुढे काच लावायची आहे. मार्चमध्ये मी फोनवर म्हणालो होतो, "पाड भिया." पण नंतर तिकडे एका दुकानाची आतली भिंत उघडली, तर विटांच्या चेहऱ्यामागे आख्खं लाकडी घर निघालं. विटा मागाहून लावलेल्या, फॅशन म्हणून. ती घरं पण आपल्यासारखीच, तोंड अरुंद आणि मागे लांबच लांब. तिथे न विचारता खिडकीसुद्धा बदलता येत नाही.

म्हणून सुट्टीवर आल्या आल्या पुष्करला म्हणालो, पुढची भिंत आणि लाकडी सज्जा पाडायचा नाही. त्या सज्ज्याला बाबा दर दिवाळीला तेल लावायचे. तो म्हणाला, "तू तिकडच्या खिडक्या सांभाळ. इथे आईचे गुडघे गेले. संडास गच्चीवर, दिवसातून सहा वेळा जिना चढते. तुझ्या त्या बाजारघराच्या खोलीत राहतं कोण?"

कोणीच नाही राहत. पण मी म्हणालो, "तू माझी सायकल विकली होतीस."

माझा हिस्सा आधी पुष्करला लिहिला, खोडला. आईला लिहिला, तोही खोडला. आता असं: हिस्सा पुष्करलाच, पण पुढची भिंत आणि सज्जा जागच्या जागी ठेवायचा. मागचं सगळं नवं बांधायचं. तळमजल्यावर आईसाठी संडास-बाथरूम सगळ्यांत आधी.

दत्तोपंतांनी इथपर्यंत मोठ्याने वाचलं. आई गिलकी चिरत होती. म्हणाली, "मतलब, तू मेल्यावर मला संडास मिळणार?"

"कायद्याने तसंच," दत्तोपंत म्हणाले.

"मग तू चर्चवरून पड, नाहीतर मी जिन्यावरून पडते. बघू कोण आधी."

पुष्कर उठला आणि तळमजल्यावरची जागा पावलांनी मोजू लागला.

५. म्हणून कलम ४ मधला संडास माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. तिकीट पुढे ढकललं आहे. उद्या सकाळी मी आणि पुष्कर तळमजल्यावर खणायला घेतो. पुढच्या भिंतीचं तो "बघू" म्हणाला आहे. तेवढ्यावर मी सही करतो. मिस्त्रींना बोलावलं आहे. गूळ आणू नका असं सांगितलं आहे.

सही: हृषीकेश श्रीकृष्ण मोहिते

आमच्या दोघांसमोर सही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही, फक्त चहा मिळाला.
साक्षीदार: दत्तोपंत वैद्य, शेजारी
साक्षीदार: अस्मिता पागे, समोरच्या घरातली

मल्हारगंज, इंदूर. रविवार, ८ जून २०२५