पाळण्यावरची झालर

२५ ऑक्टोबर १९६४, वारासिवनी

आलो एकदाचे. गोंदियाहून छोट्या गाडीनं धक्के खात आलो, पण ट्रंका, पाळणा आणि माझी चार महिन्यांची पुष्पलता सगळं सुखरूप पोचलं. यांची छत्री तेवढी गाडीत राहिली. हे म्हणजे भोजराज. नाव घ्यायची हिंमत फक्त या वहीत आहे. यांना इथल्या धानगिरणीत फिटरची नोकरी लागली म्हणून नागपूर सुटलं.

घर दोन खोल्यांचं, वर कवेलूचं छप्पर, पुढे ओसरी. घरमालकीण तुळसाबाई शेजारीच राहतात. एकट्या आहेत, मागे त्यांचं धानाचं शेत. मला बघताच म्हणाल्या, आधी खिडक्या बुजव, इथली थंडी लेकराले सोसायची नाही. भिंती धुरानं काळ्या पडल्यात. नणंद म्हणाली होती, जंगलात चाललात. मी ठरवलंय, थंडी पडायच्या आत घर असं सजवायचं की तिनं येऊन बघावं आणि गप्प बसावं.

१ नोव्हेंबर

चुन्यात नीळ घालून दोन हात मारले. खोल्या उजळल्या. यांनी शिडीवरून अर्धी बादली स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतली आणि वर मलाच ओरडले. खाली गेरूचा पट्टा मी काढला, तो जरा वाकडा गेलाय, पण पाळण्यामागे असल्यानं दिसत नाही.

खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. जुन्या हिरव्या लुगड्याचे पडदे शिवले. गादीखाली धानाचं वाळलेलं तणस पसरलं, त्याची ऊब छान लागते. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. स्वतःचं घर, त्यात सासू नाही.

२२ नोव्हेंबर

धान कापून झालं. तुळसाबाईंनी लोंब्यांची झालर विणून आणली. काय हात आहे बाईंचा! पिवळ्याधमक लोंब्या, एकीत एक गुंफलेल्या, हलवली की सळसळते. म्हणाल्या, ‘बाहेर दारावर टांग. पाखराईचा वाटा हाय. त्याईनं खाल्ल्यावर मंग आपण नवा भात खावा.’

त्यांच्या दारावरची झालर मी दुपारी बघितली होती. चिमण्यांनी पार चिपाडं करून टाकली होती. माझ्यानं ते होईना. एवढी देखणी वस्तू दोन दिवसांत उधळायची? मी ती आत पाळण्यावर बांधली. पुष्पी हात उडवून हसते. संध्याकाळी नव्या तांदळाचा भात केला. यांनी तीनदा वाढून घेतला.

२४ नोव्हेंबर

दोन चिमण्या ओसरीतून आत आल्या आणि थेट पाळण्याच्या दोरीवर बसल्या. दाणे टिपतात, खाली पुष्पीकडे बघतात. तीही टकामका बघते. मला गंमत वाटली.

तुळसाबाई ताक द्यायला आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. ‘आत काहून टांगलं?’ नवा भात खाल्ला का, तेही विचारलं. हो म्हटल्यावर, आत्ताच्या आत्ता काढ म्हणाल्या. त्यांचा स्वर मला आवडला नाही. घर भाड्यानं घेतलंय, हुकूम नाही. उद्या काढते म्हटलं.

२७ नोव्हेंबर

काढली नाही. कालपासून पुष्पी अंगावर पीत नाही. पोट मात्र गच्च. आज तिच्या तोंडात बोट घातलं तर तांदूळ निघाला. सोललेला, ओला.

दाराआडून बघितलं. चिमणी आली, दाणा सोलला, खाली उतरली. पुष्पीनं आ केला.

दुपारी हे जेवायला आले तोवर आत दहा-बारा चिमण्या होत्या. यांना सांगितलं. यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि काठी उचलली. मी पुष्पीला पोटाशी धरून कोपऱ्यात बसले. पाखरं भिंतींवर आपटत होती, हे मारत होते. मेलेल्यांवरही मारत होते. नव्या चुन्यावर लाल ठिपके, पिसं चिकटलेली. मग यांनी झालर ओढून चुलीत घातली. पुष्पी इतकी कधी रडली नव्हती.

२८ नोव्हेंबर

भिंतींना पुन्हा चुना लावला. डाग वर येतात.

तुळसाबाईंना खरं काय ते विचारलं. त्यांच्या आजाच्या काळात मोठा दुष्काळ पडला. लोक या शेतांतच उपाशी मेले. नवं धान आलं की ते पाखरं होऊन येतात. दारावरचा वाटा खातात आणि जातात. वाटा आत टांगला तर त्याच्याखाली जे असेल तेही त्यांचंच. ‘त्याईनं तुह्या पोरीले आपली समजली. म्हून चारत होते. आता तुमी वाटाही जाळला.’

मी हसायला गेले. हसू आलं नाही.

३० नोव्हेंबर

भरदुपारी अंगणात मांजर किंचाळलं. खिडकीतून बघितलं. चिमण्या, साळुंक्या, कावळे, सगळे एकत्र, आवाज न करता. मांजर जिवंत होतं तोवरच डोळे काढले. सगळे उडाले तेव्हा खाली हाडं आणि शेपूट.

अख्खं कुंपण भरलंय. सगळे घराकडे तोंड करून.

२ डिसेंबर

हे कामावर निघाले. फाटकापर्यंत गेले.

चेहरा दिसेना, नुसती पाखरं. हातांनी ओढून काढत होते आणि मांस सोबत येत होतं. गिरणीतला फकिरा मशाल घेऊन धावला. यांना ओढून गिरणीच्या ट्रकमध्ये घातलं, ड्रायव्हरनं बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. डावा डोळा नाहीच. उजव्याचं माहीत नाही. पुष्पीला घ्यायला फकिरा परत वळला. तो अजून कुंपणाशी पडलाय. त्याला गळा उरलेला नाही.

मी पुष्पीला घेऊन मागच्या दारानं निघाले. उंबरा ओलांडताच पाखरं माझ्यावर तुटून पडली. मनगटाचं हाड दिसतंय. तिच्या अंगावर ओरखडाही नाही. तिला बाहेर नेऊ देत नाहीत. परत आत आले. मला माझी पोर हवी आहे, बाकी काही नको.

३ डिसेंबर, सकाळ

तुळसाबाईंना ते काही करत नाहीत. बाईंनी कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं, राजेगावाकडे भावाचं उशिराचं धान उभं आहे, लोंब्या घेऊन येते. ‘सांजवरी तग धर. पोरीले रडू देऊ नको. रडलं का त्याईले भूक लागते.’

डबाभर तांदूळ अंगणात फेकला. एकानंही चोच लावली नाही. बाईंनी सांगितलं होतं ते आठवलं. दारात टांगलेलंच घेतात.

दुपार

कवेलू सरकतायत. एक एक. जिथून सरकलं तिथून ऊन आत पडतं. चोची दिसतात.

दुलई तिच्यावर घातली, मी वर ओणवी झाले. पाठ सोलली. काठीनं कावळा ठेचला. दुसरा. हाताला रक्त, कुणाचं कळत नाही. थोडे मागे हटले.

पुष्पी हसली. त्यांना बघून आ केला. एक चिमणी खाली आली, पण दाणा नाही आणला. गालावर टोचलं. पहिल्यांदाच. थेंब आला. छपरावरचे सगळे एकदम गप्प—

चारणं संपलं त्यांचं.

नंतर

विचार केला. वाटा बाहेर हवा. दारात टांगलेला हवा. लोंब्या संध्याकाळी येतील. तोवर दुसरं काही—

पुष्पीला दूध पाजलं. प्यायली ती. आज प्यायली. तिला रिकाम्या ट्रंकेत निजवलं, झाकण किलकिलं ठेवून वर दुलई घातली. दार बाहेरून ओढून घेतलं.

चौकटीच्या खिळ्याला माझीच वेणी बांधली. पक्की. आता पळता येणार नाही. वही चौकटीला टेकवून लिहिते, हाताला काम हवं म्हणून.

छपरावरून उठले. सगळे. अंगणात उतरतायत. बरोबर, इकडे या. इकडे.

खांद्यावर एक. कानाला—

दुखतंय. फार दुखतंय. ओरडायचं नाही, ती जागी होईल. रस्त्यावर तुळसाबाई का, की— नीट दिसत नाही, उजव्या डोळ्यात—

आत ती कुरकुरली.

नको गं. रडू नकोस, पुष्पी. थोडंच राहिलंय. आवाज केलास तर मला सोडून ते परत आ—