कुडकुडणाऱ्या जवानाचं दार

लिहून ठेवणार सावित्री भिकाजी वेळीप, वय शहात्तर, राहणार जोयडा. कोणी भरीस न घालता, डोकं ठिकाणावर असताना (दिरांना शंका असेल, डॉक्टरांना नाही) माझ्या पश्चात काय कोणाचं ते ठरवते.

१. सुप्याचं सासरचं घर धरणाच्या पाण्याखाली आहे. ज्याला हवं त्याने बुडी मारून ताबा घ्यावा.

२. भातशेती मुलगा अक्षय आणि मुलगी पल्लवी यांना निम्मी निम्मी. पल्लवीच्या वाट्यावरून कुरकुर करणाऱ्याने माझ्या तेराव्याला जेवू नये.

३. सुप्याच्या घराचं दार. घर बुडण्याआधी तेवढं मी उचलून आणलं. एकाहत्तरच्या लढाईत जवानांसाठी पांघरुणं गोळा करायची होती. धाकटे दीर नागराजभावजी यांनी बाजारात लावलेल्या छापील चित्रात नुसत्या बंदुका. लोक बघून पुढे जात. मी दार बिजागरीवरून काढलं, काव आणि चुन्याने त्यावर गुडघे पोटाशी घेऊन निजलेला जवान रंगवला आणि खाली लिहिलं, 'आपला न्हाई म्हणून ह्याला थंडी वाजत न्हाई व्हय?'

भावजी ओरडले, "वैनी, कुडकुडणारा जवान दाखवत्यात व्हय? शत्रू हसंल!"

"शत्रू सुप्याच्या बाजाराला येत न्हाई. आयाबाया येत्यात."

आमच्यात वाकळ घराबाहेर जाते ती सासरी निघालेल्या लेकीबरोबर. बायकांनी प्रत्येक वाकळेला हळदकुंकू लावून ती आणून दिली. पांघरुणं न्यायला ट्रक घेऊन आलेल्या साहेबांना वाटलं डाग आहेत. ते वाकळा बाजूला काढू लागले. मी म्हटलं, "डाग न्हाईत साहेब, पाठवणी हाय." सगळ्या वाकळा ट्रकमध्ये चढल्या. तोवर सासूबाई बिनदाराच्या घरात, उंबऱ्याशी काठी घेऊन निजल्या, तेही लिहून ठेवते.

४. हे दार अक्षयला. गणेशगुडीच्या लॉजमध्ये पाहुण्यांसाठी टांगायचं त्याच्या मनात होतं. टांगू नये. गेल्या वर्षी सीमेवरची माणसं घरं सोडून शाळांच्या फरशीवर निजली, तेव्हा त्यांच्यासाठी पांघरुणं मागायला भावजींनी विमानांचा फलक लावला. पोरांनी त्यापुढे फोटो काढून घेतले. मग अक्षयनेच दार रस्त्यावर आणून उभं केलं. पहिली वाकळ कोणी आणली? भावजींनी, कोपऱ्याला हळदकुंकू लावून! मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. पुढेही कोणासाठी मागायची वेळ आली, की दार चौकात उभं राहावं.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून साक्षीला भावजीच बोलावले आहेत.

वाचून, समजून, दोघांदेखत सही केली.

जोयडा, ९ फेब्रुवारी २०२६
सावित्री भिकाजी वेळीप

साक्षीदार:
१. पूर्णिमा गावडा, शेजारीण
२. नागराज वेळीप, दीर. मजकूर ऐकला. वैनींचं खरं हाय. शत्रू हसला न्हाई. तवा मीच रडलो हुतो.