लांब धाग्याची बायको

२३ नोव्हेंबर १९५८, रविवार, अकोला
तुळशीचं लग्न लागलं. आता माझं. या हंगामात उरकायचंच. वय अडतीस. (जन्माचा दाखला गावच्या पुरात वाहून गेला, तेव्हा कोणी हरकत घेऊ शकत नाही.) सतरा वर्षं मुली बघतोय. माल दरवर्षी हलकाच येतो, त्याला मी काय करणार?
मी जिनिंग फॅक्टरीत ग्रेडर आहे. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढली की धाग्याची लांबी सांगतो. माणसंही मला तशीच कळतात.
अटी ठरवल्या. मॅट्रिक. गोरी. पंचविशीच्या आत. पेटी वाजवता यावी. उलट बोलणारी नको.

२४ नोव्हेंबर, सोमवार
खानावळीच्या इंदूबाईंना यादी वाचून दाखवली. जठारपेठेत त्यांच्याकडे नऊ वर्षं जेवतोय. विधवा आहेत, चाळिशीच्या, तोंडाने फटकळ. म्हणाल्या, "अन् शेषरावजी, तिनं तुमच्यात काय पाहाचं?" परमनंट नोकरी, मी म्हटलं. "ते तं फॅक्टरीच्या भोंग्यालेही हाये."
वांग्याच्या भाजीत तिखट जास्त.

३० नोव्हेंबर, रविवार, रात्री
चुलतभाऊ खुशालरावाबरोबर अमरावतीला गेलो. मुलगी अटींप्रमाणे. पेटीवर तीन पदं वाजवली. मी डोळे मिटून ऐकली. खुशालराव म्हणतो, दुसऱ्या पदापासून तू घोरत होतास. दर्दी माणूस ऐकतो कसा, हे त्याला काय ठाऊक!

४ डिसेंबर, गुरुवार
अमरावतीचा नकार. त्यांना संगीत कळत नाही.
अटी थोड्या सैल केल्या. गव्हाळ चालेल. वय तीसपर्यंत. पेटी रद्द.

१४ डिसेंबर, रविवार
परतवाड्याला नत्थुजींच्या घरी. काळ्या मातीची पंचवीस एकर, स्वभावाने मोकळे. लोडाला टेकून बसवलं. मुलगी पोहे घेऊन आली. नाव वच्छला. चांगली वाटली. मीही तिला चांगला वाटत होतो, हे स्पष्ट दिसत होतं.
लोडाची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती. हात आपोआप गेला. सवयीचा हात. जरा रुई काढली, ओढली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की धागा आखूड आहे, किडका माल मिसळलाय, तुम्हाला कोणीतरी फसवलं.
नत्थुजी म्हणाले, "पाहुणे, आमच्याच वावरातला कापूस हाये." आणि लोड वच्छलाने आपल्या लग्नासाठी स्वतः भरला होता.
तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण नत्थुजींचा माल आमच्याच फॅक्टरीत येतो. म्हणून म्हटलं, मग गाडी भरताना वजनासाठी पाणीही मारत असाल.
पोह्यांची बशी मुलीने स्वतः उचलून नेली. अर्धी भरलेली होती.

१७ डिसेंबर, बुधवार
ताप. एस.टी.च्या खिडकीला काच नव्हती. खोलीवर पडून आहे.
इंदूबाई ज्वारीच्या कण्या घेऊन आल्या. परतवाड्याचं विचारलं. सगळं सांगितलं. लोडापर्यंत आलो आणि त्या अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. नऊ वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. चांगल्या दिसतात. फक्त नोंद म्हणून लिहिलं.
अर्धा तास बसल्या. गेल्यावर खोली फार मोठी वाटली.

२८ डिसेंबर, रविवार
निर्णय झाला. इंदूबाईंना होकार द्यायचा.
त्यांनी अजून विचारलेलं नाही, पण बाईमाणूस कसं विचारणार? विधवा आहेत, पण पाटाची, म्हणजे विधवेने दुसरं लग्न करायची, चाल आमच्यात आहेच. तरी मी पुढारलेलाच म्हणायचा. मॅट्रिकची अट सोडली. वयाचीही. उपकार केल्याचं कधी बोलून दाखवणार नाही. उलट बोलण्याचं लग्नानंतर बघू.

३१ डिसेंबर, बुधवार
कोट घालून गेलो. बाकीची मंडळी जेवून गेल्यावर सांगितलं. कोटाची बटणं सारखी लावत-काढत होतो. थंडी फार आहे.
इंदूबाई भाकर थापत होत्या. न थांबता म्हणाल्या, "काहून?"
का, हा प्रश्न तयारीत नव्हता. म्हटलं, घराला घरपण येईल, वेळेवर गरम जेवण मिळेल, दुखलंखुपलं तर कोणीतरी असेल.
त्या म्हणाल्या, "तुमाले बायको नाही, जेवण पायजे. ते तं मी देऊनच राहिली. तापातही देल्लं." मग तवा उतरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नऊ वर्सं झाले शेषरावजी. इंदूबाई, तुमी जेवल्या का, असं एकडाव तरी इचारलं?"
विचारलं असेल. आठवून बघतोय.
रात्री दोन वाजेपर्यंत आठवलं. नाही विचारलं.
जेवण नको होतं मला. त्या समोर बसलेल्या हव्या होत्या. हे तिथे म्हणायचं होतं, इथे लिहून काय उपयोग?

१ जानेवारी १९५९, गुरुवार
नव्या वर्षाचा संकल्प एकच. दिवसभर वाक्य पाठ केलं. रुई तपासताना तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, मुकादमाने दोनदा काय म्हणून विचारलं.
संध्याकाळी जेवलो. भाजीबद्दल काही बोललो नाही. हात धुतले, कोटाची बटणं लावली आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारलं: "इंदूबाई, तुम्ही जेवलात का?"
सगळे थांबले. इंदूबाईंनी हातातली भाकर तव्यावर टाकली.
म्हणाल्या, आज गुरुवार, त्यांचा उपास. नऊ वर्षं दर गुरुवारी असतो.