गिरिजाबाई कासारणीच्या नाटकाला शेवट मिळाल्याबाबत

दिनांक : ७ सप्टेंबर १९९८

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी,
मुक्तिदिन सुवर्णमहोत्सव नाट्यसमिती,
मौजे कोठारवाडी, ता. भोकरदन, जि. जालना

विषय : ‘उंबऱ्यावरची बांगडी’ या नाटकाची स्थगिती उठवणे व तक्रारीची सही-शिक्क्याची नक्कल मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस दि. २ सप्टेंबर, सोबत श्री. सर्जेराव यांच्या तक्रारीची झेरॉक्स.

महोदय,

मी कोठारवाडीच्या प्राथमिक शाळेत सतरा वर्षांपासून शिक्षिका असून सदर नाटकाची लेखिका आहे. आपण मागितलेला खुलासा सादर करते.

१. आमच्या गावात बायका बांगड्या भरून झाल्या की एक बांगडी उंबऱ्यावर ठेवतात. तिला ‘गिरजाची’ म्हणतात. ही गिरजा कोण, हे मी नोकरीला लागल्या वर्षीच विचारले. कुणाला धड सांगता येईना. तेव्हापासून ही बाई माझ्या मानगुटीवर बसली, ती नाटक लिहिल्यावरच उतरली. चौकशीअंती कळले ते असे : गिरिजाबाई कासारीण होती. निजामी अमलात सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पातल्या चिठ्ठ्या ती बांगड्यांच्या गाठोड्यातून घरोघर पोचवायची. कुणीतरी खबर दिली. तिला चावडीवरून नेले, ती परत आली नाही. हुतात्म्यांच्या फलकावर तिचे नाव नाही.

२. खबर कोणी दिली, हेही विचारून पाहिले. तातेराव नावाचे वृद्ध गृहस्थ एवढेच बोलले, “मला ठाऊक हाये बाई, पण मी सांगत न्हाई. माझे पोरं त्यायच्याच वावरात राबून राह्यले.” ऐकीव गोष्टीवर कुणाचे नाव घेणे मला पटले नाही. सबब नाटकात खबऱ्याला नाव नाही, गाव नाही, संवाद नाही. तो दीड मिनिट नुसता पाठमोरा उभा असतो. ही भूमिका करायला कुणी तयार होईना, म्हणून बांबूला जुना कोट अडकवला आहे.

३. श्री. सर्जेराव हे माजी सरपंच व आपल्याच समितीचे सदस्य. त्यांनी तालीम पाहिली आणि तक्रार केली की, सदर कोट म्हणजे त्यांचे आजोबा कै. रामराव होत. पुढे ते स्वहस्ते लिहितात की, आजोबांनी “फक्त नाव सांगितले, चिठ्ठ्या पोलिसांनी स्वतः शोधल्या”, तसेच चिंचेजवळची बारा एकर जमीन “त्याबद्दल नव्हे, तर राजनिष्ठेबद्दल मिळाली”. महोदय, माझ्या नाटकात जमिनीचा उल्लेखच नाही. तालमीनंतर शाळेच्या फाटकात ते मला म्हणाले, “बाई, बदलीच करून टाकतो तुमची, मंग लिहा नाटकं.”

पन्नास वर्षे गावाने जे तोंडातून काढले नाही, ते त्यांनी सहीनिशी लिहून आपल्या आवक रजिस्टरला नोंदवले. ती झेरॉक्स मी तीनदा वाचली. मला अतिशय आनंद झाला, हे लपवत नाही.

४. तरी विनंती की,

(अ) स्थगिती तात्काळ उठवावी.

(ब) तक्रारीची सही-शिक्क्याची नक्कल द्यावी. ती शेवटच्या प्रवेशात एक अक्षर न बदलता वाचली जाईल. या नाटकाला आजवर शेवटच सापडत नव्हता.

(क) पत्रिकेत ‘शेवटचा प्रवेश : श्री. सर्जेराव’ असे छापू द्यावे. दुसऱ्याच्या लिखाणावर स्वतःचे नाव लावण्याची मला सवय नाही.

(ड) पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांच्यासाठी राखावी. कोट तिथून बरोबर समोर दिसतो.

५. हे सर्व मी सुडाने करते आहे, असे ते म्हणतील. खरेच आहे. गिरिजाबाईला मूलबाळ नव्हते. तिच्या वतीने सूड घ्यायला कुणी उरले नाही, म्हणून मी घेते आहे. बदली झाली तर जाईन, पण प्रयोग करून जाईन.

६. परवानगी नाकारण्यापूर्वी एक बाब विचारात घ्यावी. काल गावात कासार आला होता, आणि तक्रारीतला मजकूर एव्हाना घरोघर पोचला होता. बायकांनी बांगड्या भरल्या, पण गिरजाची बांगडी एकीनेही आपल्या उंबऱ्यावर ठेवली नाही. सगळ्या जाऊन सर्जेरावांच्या उंबऱ्यावर ठेवून आल्या. दिवस मावळेपर्यंत एकशे सात झाल्या होत्या. सर्जेरावांना आत जायचे होते, तर पाय ठेवायला जागा नव्हती.

पहिली बांगडी त्यांच्या पत्नी पुष्पाबाई यांनी आतून येऊन ठेवली, याची नोंद घ्यावी.

गिरिजाबाईची, आणि तिच्यानंतर आपली नम्र,

(सही)
कौसल्या अप्पाराव दाभाडे
सहशिक्षिका, कोठारवाडी

सोबत :
१. नाटकाची संहिता (खबऱ्याचे नाव नाही).
२. तक्रारीची झेरॉक्स (नाव आहे).
३. बांबूवरील कोटाचा फोटो. मूळ कोट तपासणीसाठी केव्हाही हजर करता येईल.