रविवारचं जग

रविवार, १ सप्टेंबर

मला कडा मिळाल्या! आईला पाणी, शिंपीकाकांना वारा आणि मला कडा. नळवाल्याच्या वाट्याला दगड आले, म्हणून तो शेवटपर्यंत फुगून बसला होता. "सगळा जन्म पाण्यात गेला बाई, आणि पाणी मावशींना?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "म्हणूनच. जे येतं तेच करत बसलात तर शिकणार कधी?" मग मला का कडा? मी तर दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचांच्या कडाच घासते! पण विचारलं नाही. बाईंशी वाद घालून कोण जिंकलंय.

खरं तर बाईंच्या रविवारच्या बैठकीला मी नुसती आईचा हात धरून जिना चढवायला जाते. तिचे गुडघे असे, आणि बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. तीन रविवार कोपऱ्यात बसून जांभया दिल्या, आज बाईंनी गोलात ओढलं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला बाईंनी, आता भूगोल तयार करायला घेतलाय. हसू येतं. पण बैठकीला जाऊन आली की आई दोन दिवस नीट जेवते, तेव्हा मी कोण हसणारी?

सोमवार, २ सप्टेंबर

बाईंचं म्हणणं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

जगं करणारे ते थोरले. ते एकेकटे करत नाहीत. एकट्याने केलेलं जग करणाऱ्यासारखंच होतं, दुसऱ्या कुणाला तिथे राहता येत नाही. म्हणून ते गोल करून बसतात. एकाने पाणी धरायचं, एकाने दगड, एकाने वारा — दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. आणि हे थोरले काही आधीपासून थोरले नव्हते. तेही कधीतरी कुठल्यातरी जगात गुडघे धरून जिने चढत होते! आपल्यालाही प्रत्येकाला एक ना एक दिवस जग करावं लागणार, मग आतापासून हात नको बसायला? म्हणून रविवारी दुपारी चार ते पाच आमचं सरावाचं जग. डोळे मिटून करायचं. शेवटी ज्याला जे दिसलं ते त्याने सांगायचं.

दुकानात मालकांना सांगितलं. "डोकं ठिकाणावर आहे ना? आधी ती साडेतीन नंबरची काच घासा."

रविवार, ८ सप्टेंबर

आज दिसलं. खरंच दिसलं.

आधी सगळं एकात एक कालवलेलं होतं. पाणी गवतात, गवत दगडात, दगड उजेडात. मी पाण्याच्या काठापासून सुरुवात केली. काच घासते तसंच — थोडं घासायचं, उजेडात धरून बघायचं, पुन्हा थोडं. जिथे कड फिरली तिथे वस्तू उभी राहिली. एक पान उभं राहिलं. मग त्याच्या शेजारचं. मग अख्खी ओळ! पाणी आपल्या जागी गेलं आणि संथ वाहायला लागलं, आई जेवण वाढते तसं, कुठेही न सांडता. सावल्यांच्या कडा मी मुद्दाम मऊ ठेवल्या. का ते सांगता येत नाही. तशाच बऱ्या वाटल्या.

पाच वाजले तेव्हा डोळे उघडावेसे वाटेनात. नळवाला म्हणाला, "मला काही दिसलं नाही. पायाला मुंग्या आल्या फक्त."

बाईंनी आज एक सांगितलं. सगळ्या जगाभोवतीची मोठी कड माझीच, पण ती सगळ्यात शेवटी जुळवायची. तोवर एक फट राहते, तिच्यातून आपण ये-जा करतो. कड जुळली की जग सुटतं. मग ते आपल्या पायावर चालतं, आणि करणाऱ्यालाही आत जाता येत नाही. "म्हणून तर हाका मारल्या तरी ते येत नाहीत. निष्ठुर नाहीत हो थोरले. बाहेर राहिलेत बिचारे."

ह्याला मात्र मला हसू आलं नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

एक काच उगीच जास्त घासली, फ्रेममध्ये बसेना. मालकांची बोलणी खाल्ली.

रविवार, १५ सप्टेंबर

नळवाला नव्हता आज. पलीकडच्या गावात मोठ्या इमारतीच्या नळांचं काम घेतलंय त्याने, कधी रविवारीही बोलावतात. दगड जरा पोकळ वाटले.

शिंपीकाकांनी विचारलं, "बाई, माणसं कधी घालायची?" बाई एकदम गंभीर झाल्या. "घालायची नाहीत. जिवंत माणूस तिथे ठरतच नाही, ह्या जगाने त्याला धरून ठेवलेलं असतं. ठेवायला जावं तर गळून पडतो. गेलेलं माणूस मात्र उभं राहतं. आणि एकदा उभं राहिलं की करणाऱ्याचा पाय तिथून निघत नाही."

आईने जमिनीकडे बघितलं. मी आईकडे बघितलं.

धाकट्या भावाला घर सोडून अकरा वर्षं झाली. बावीसचा होता. ना पत्र, ना फोन, ना कुणाकडून कळलेलं काही. आई सगळ्यांना सांगते, "मुलगा लांब कामाला असतो." मी रोज तिला म्हणते, "येईल गं." आहे का नाही, हे मलाच माहीत नाही.

आणि आता ते कळायची एक वाट आहे.

मंगळवार, १७ सप्टेंबर

मला बघायचं नाही. बघायचंय! नाही.

हे कधी कागदावर लिहिलं नव्हतं, आज लिहिते. तो गेला तो माझ्यामुळे. तिसरी नोकरी सोडून घरी आला होता, ह्या दोन खोल्यांत पाय पसरून झोपला होता, आणि मी म्हणाले, "तू गेलास तर घरात जरा जागा तरी होईल." तो उठला. बूट घातले. मला वाटलं, कोपऱ्यावर जाऊन येईल.

आईला हे माहीत नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

ठेवला!

काठाच्या वळणाशी, सावली होती तिथे. आधी शर्ट. डावी बाही कोपरापर्यंत वर, उजवी खाली, बटण लावलेली — त्याची ती लहानपणापासूनची खोड. मग खांदे, मग मान. कड फिरवत गेले. एक क्षण उभा राहिला असं वाटलं, आणि मग गळाला! वाळू सुटते तसा, खालून वरपर्यंत. राहिलं नुसतं गवत.

जिवंत आहे! जिवंत आहे! जिवंत आहे!

जिना उतरताना गुणगुणत होते म्हणे. आई म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली का?" तिला काही सांगितलं नाही. तिने तर कधी आशाच सोडलेली नाही, तिला काय सांगायचं?

सोमवार, २३ सप्टेंबर

चेहरा लावला होता का मी? शर्ट लावला, खांदे लावले. चेहरा आठवून लावला असं आठवत नाही. चेहऱ्याशिवाय माणूस कसा ठरेल? कोणीही गळेल.

आणि आता बसून आठवते तर नाकच येत नाही डोळ्यांसमोर.

रविवार, २९ सप्टेंबर

नळवाल्याला दिसला.

मला नाही, आईला नाही — नळवाल्याला! ज्याला आजवर मुंग्यांशिवाय काही दिसलं नाही त्याला. पाच वाजता सांगायची वेळ झाली. त्याने डोळे घट्ट मिटले आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "दगडांवर एक माणूस बसलाय. डावी बाही वर, उजवी खाली. तेहतीस-चौतीसचा असेल. पोट जरा सुटलंय. पुढचे केस विरळ. बरा दिसतो."

मी कुणाजवळ कधी त्या बाहीबद्दल बोलले नाही. आईही नाही बोललेली. म्हणजे मी ठेवलेला तो गळाला नव्हता. दगडांपर्यंत चालत गेला होता.

बाईंनी मान खाली घातली. आईने पदर तोंडाला लावला आणि नळवाल्याला विचारलं, "पोट सुटलंय? खरंच?" "हो, मावशी." आई रडत रडत हसली. "म्हणजे जेवतोय नीट."

उतरताना बाईंना हळूच विचारलं, तिथे वय कसं वाढतं? "तुमच्या मनात त्याचं जेवढं वाढलं, तेवढं तिथे वाढलं," म्हणाल्या. असेल.

धाकटा गेला. कुठे, कधी, कुणाजवळ — काही माहीत नाही. दगडांवर बसलाय एवढंच.

मंगळवार, १ ऑक्टोबर

दुपारी आईला सांगून टाकलं. जागा होईल म्हणाले होते ते. जसंच्या तसं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

"मला ऐकू आलं होतं तेव्हाच. ही भिंत काय किल्ल्याची आहे?"

अकरा वर्षं! "मग बोलली का नाहीस?"

"तू रोज म्हणायचीस, येईल गं. म्हटलं, हिला तेवढाच धीर."

म्हणजे मी तिला धीर देत होते आणि ती मला. दोघींनी मिळून सगळ्या शेंगा सोलल्या, एवढ्या नको होत्या तरी.

रविवार, ६ ऑक्टोबर

आज नळवाल्याने निरोप आणला. "तो विचारतो, आईचे गुडघे कसे आहेत? आणि म्हणतो, ताईला सांगा, राग नाही." हे म्हणताना बिचाऱ्याला घाम फुटला होता.

राग नाही! हे मला कुठे ठेवावं कळेना. पंधरा मिनिटं जिन्यात बसून होते.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आई आता रविवारची वाट बघत नाही. सकाळी खिडकीशी बसते, डोळे मिटते, की दुपारपर्यंत तिथेच. हाक मारली तर म्हणते, "थांब, मी आत आहे." ताट तसंच. चेहरा मात्र असा शांत, की भीती वाटते. डॉक्टर आले, म्हणाले, वजन उतरलंय, खाल्लं नाही तर अंथरूण धरतील. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "तो एकटा आहे गं तिथे. मला आता तिथेच राहू दे. तू शहाणी आहेस, तुझं तू बघशील."

माझं मी बघीन! हे माझ्याच तोंडावर!

पाय तिथून निघत नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. आईचे तर आधीच निघत नव्हते.

कड माझ्याकडे आहे.

रविवार, १३ ऑक्टोबर

जुळवली.

नळवाला कामावर, दगड नुसते होते. वाराही पडला होता. मी फटीपाशी उभी राहिले. आई काठावर होती, पाण्यात पाय सोडून. वळणापलीकडे एक बाही दिसली, वर सरकवलेली. चेहरा नाही दिसला आजही. म्हटलं, जागा झाली रे. अकरा वर्षं नुसती जागाच आहे घरात. आता तुझं हे जग तुझं तू चालव, आम्ही डोकावणार नाही. आईला मी नेते.

ऐकलं असेल. बाही हलली नाही.

आईचा हात धरला, जिन्यात धरते तसाच. ती येईना. ओढलं. मग कड फिरवली — थोडी, बघून, पुन्हा थोडी. शेवटचं बोटभर राहिलं तेव्हा हात चालेना. जीव तुटत होता. तरी फिरवली.

आईने डोळे उघडले. "माझं पाणी आत राहिलं," एवढंच म्हणाली. बाईंनी विचारलं नाही कुणी केलं ते.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आज ताटावर बसली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मी उठून मीठ आणलं. सगळं जेवली.

मग दोघी रडलो. पहिल्यांदाच, त्याच्यासाठी, मोठ्याने. शेजारीण येऊन बघून गेली.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

झालं तसं लिहिते. दुपारी नळवाला दुकानात आला, तणतणतच. "ताई, जग बंद केलंत म्हणे! आता त्याचे निरोप मी कुठे सांगू?" म्हटलं, भाऊ, जाऊ द्या आता. गेलेल्या माणसाला किती अडकवायचं?

नळवाला म्हणाला, "गेलेला? कोण गेला? अहो, तुमचा भाऊ पलीकडच्या गावात त्या इमारतीवर माझ्याच हाताखाली आहे! घरी कळवायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला. म्हटलं, डोळे मिटून सांगितलं तर शपथ मोडत नाही. ताई, काल त्यानेच मला चहा पाजला!"